पाम म्यूट

गाणं निम्म्या वेगावर आणलं की
गाणाऱ्याचा रेडा होतो.
एकोणिसाव्या सेकंदापासून तेविसाव्यापर्यंत,
एवढंच. पंधरा दिवस झाले.

तळहाताची कड तारांवर टेकवायची,
घोडीला लागून.
दाबली तर आवाज मरतो,
उचलली तर बोंबलतो.

जालन्यात लाइट गेली, अँप गप्प.
कोरड्या तारांवरच खाली, खाली, खाली,
करंगळीखाली घट्टा पडलेला.
रोलिंग मिलची दुसरी पाळी संपवून
मुंजाजीमामा जिन्यात थांबले,
डबा हातात तसाच.
"सळईबी मधी दम खाती, पोरा.
तू खाऊ देईना गेलास."

मोबाइलची अकरा टक्के बॅटरी. पुन्हा लावलं.
खरंच, तिथं एक ठोका रिकामा होता,
गाण्यात पहिल्यापासून.
मीच तो रोज भरत होतो.