कपाला बोट लावून

साकीनाक्याला, पाचव्या मजल्यावर, पांढऱ्या फळ्यावर
आधी लिहिलं होतं: ‘अ‍ॅप वापरायला सोपं हवं.’
ते मीच पुसलं.
सोपं म्हणजे किती, हे कुणाला सांगता येईना.
ऋत्विजला सोपं वाटत होतं,
पण कोडच त्याचा.

मग निळ्या मार्करनं लिहिलं:
दहांतल्या आठांना, शेजारच्याला न विचारता,
नव्वद सेकंदांत दवाखान्यात नंबर लावता यावा.
खाली दुसरं: मदतीसाठी येणारे फोन निम्म्यावर.
त्यापुढे तारीख. एकतीस मार्च.
तारीख टाकली की आकड्याला कणा येतो,
असं आमचे बेहराम सर म्हणतात
आणि स्वतः खुर्चीत घसरून बसतात.

भांडुपच्या दवाखान्यात, बाकड्यावर,
मी मांडीवर घड्याळ लपवून बसले.
फिलोमिना डाबरेंनी फोन हातभर लांब धरला,
हनुवटी वर केली, चष्म्याच्या खालच्या काचेतून पाहिलं.
स्क्रीनवर हिरवं बटण: पुढे जा.
“पुढं म्हंजे कुठं गं?”
मी गप्प. उत्तर द्यायचं नाही, असा नियम.
त्यांनी दाराकडे पाहिलं. खरंच, पुढं दारच होतं.
एकशे बेचाळीस सेकंद.

‘पुढे जा’ काढून ‘डॉक्टरची वेळ निवडा’ केलं
आणि पुढच्या मंगळवारी प्रत्येकामागे अकरा सेकंद वाचले.
अकरा!
खालच्या टपरीवर मी त्या आनंदात
दुसरी कटिंग घेतली, एकटीनंच.
कुणाला सांगणार, दोन शब्द बदलले म्हणून?

मार्चअखेर केक आला.
त्यावर क्रीमनं लिहिलेलं: फोन सत्तावन्न टक्क्यांनी कमी.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही.
फेब्रुवारीत, स्क्रीन भरल्यासारखी दिसते म्हणून,
मदतीचा नंबर मी तळाशी सरकवला होता,
अटी आणि शर्तींच्याही खाली,
करड्यावर करडा.
आकडा खरा होता. कुणी खोटं बोललं नव्हतं.
केक मात्र मला घशाखाली उतरेना,
तो अननसाचा होता म्हणूनही असेल.

एप्रिलात फोटो काढायला पुन्हा भांडुपला गेले,
सादरीकरणात लावायला, हसऱ्या रुग्णांचे.
‘येथे थुंकू नये’च्या शेजारी, भिंतीवर,
जाड काळ्या मार्करनं कुणीतरी लिहिलेलं:
अ‍ॅप अडला तर नाखवाला फोन करा.
आणि दहा आकडे, प्रत्येक वीतभर उंच,
चष्मा नसलेल्यालाही दिसतील असे.

दत्ताराम नाखवा, वॉर्डबॉय,
ड्रेसिंगच्या खोलीबाहेर स्टुलावर बसले होते.
एका कानाला फोन. “हां, आता खाली सरकव. अजून खाली.
आजी, अंगठ्यानं नाय, बोटानं.”
स्टुलाजवळ कप, कपावर बशी.

फोन ठेवल्यावर मी विचारलं,
“रोज किती येतात?”
“मोजत कोण बसतंय?
चहा थंड होतो, तेवढे.”

माझ्या वहीत या एककासाठी रकाना नव्हता.
मी ते तिरकं, समासात लिहिलं.

सोमवारी फळ्यावरची दुसरी ओळ पुसली.
पुसताना निळा रंग तळहाताला लागला.
तिथं नवीन लिहिलं:
नाखवांचा चहा गरम राहिला पाहिजे.
मोजमाप: दर बुधवारी, सकाळी अकराला, कपाला बोट लावून.
बेहराम सर बराच वेळ उभे राहिले.
“हे डॅशबोर्डवर कसं दाखवणार?”
मी म्हटलं, आधी मदतीचा नंबर वर आणू या.
काळा. ठळक. त्यांच्या भिंतीएवढा.

ऋत्विजनं एका दुपारीत केलं ते.
जेवणाआधीच झालं खरं तर.

पहिल्या बुधवारी: साय धरलेली.
दुसऱ्या बुधवारी: साय.
तिसऱ्या बुधवारी कोमट,
पण त्या दिवशी डॉक्टरच आले नव्हते,
तेव्हा तो धरत नाही.
चौथ्या बुधवारी मी बोट पुढं केलं
तर नाखवांनी कप उचलून मागं घेतला.
“थांब बाई,” म्हणाले, “भाजेल.”