आवक क्रमांक

सहा आठवड्यांची इंटर्नशिप, मानधन म्हणजे तर्री-पोहे.
पहिल्या दिवशी सुकेशिनी मॅडमनी हातात
ना नमुन्याची बाटली दिली, ना दोरी.
दिला सत्तेचाळीस पानांचा मसुदा.
"यात नाग नदी कुठं कुठं आहे, शोध."

शोधली.
'नाला' एकतीस वेळा, 'मुख्य गटार' नऊ,
नदी एकदाच, तीही
ठेकेदाराच्या पत्त्यात: नदीकाठ लेआउट.

मग हरकत लिहिली.
मॅडम म्हणाल्या, विशेषणं काढ, कलमं घाल.
नदी कलमात बसली.
वास तेवढा बाहेर राहिला.

मुदतीचा शेवटचा तास. सिव्हिल लाइन्स, कोरडा कूलर.
आवक टेबलावरचे डोईफोडे बाबू चष्म्यावरून बघत,
"काऊन वं पोरी, नाल्यासाठी इतले कागदं?"
म्हटलं, "काका, विषय तर वाचा."
वाचला. रजिस्टरात सवयीनं
'ना' लिहून बसले.
पेन थांबला.
काना खोडला,
पुढं 'दी' लावला.
शिक्का मारताना माझ्याकडं पाहिलंही नाही.

अहवालात 'निष्पत्ती'समोर मी लिहिलं:
एक काना कमी.
मॅडमनी लाल शाईनं समासात विचारलं,
पुरावा?