चार दशांश

राउमाच्या नाट्यगृहात नोव्हेंबरचा सोमवार,
म्हणजे प्रयोग नाही, हीटर नाही,
आणि चारलाच काळोख.
ध्वनिकक्षात मी आणि दोन जुने संगणक,
एक मुख्य, एक राखीव,
अकरा वर्षं शेजारी बसून
एकसारखेच कण्हायला लागलेले.

मुख्याची बॅटरी फुगून त्याची पाठ उचललीय,
टेबलावर डुगडुगतो.
राखीवाचा पंखा नेमका पहिल्या अंकात घरघरतो,
म्हणून त्याच्याखाली एक लोकरी पायमोजा, चौघडी घालून.
स्पेसची कळ गुळगुळीत,
तिच्यावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, अंधारात चुकू नये म्हणून.
पाठीमागच्या पडद्यावरचा समुद्र
मधूनच गोठतो.
प्रेक्षकांना वाटतं, दिग्दर्शकाने हिवाळा दाखवला.

नगरपालिकेला तीनदा अर्ज केला.
पहिल्या वर्षी छप्पर गळत होतं.
दुसऱ्या वर्षी खुर्च्या आल्या, निळ्या.
तिसऱ्या वर्षी भर प्रयोगात मुख्याने मान टाकली,
राखीव जागा व्हायला दीड मिनिट,
आणि तिसऱ्या रांगेत खुद्द अर्थसमितीच्या बाई.
पंधरा दिवसांत खोकी दारात.

नवे इतके गप्प
की चालू आहेत ना, म्हणून मी हात लावून बघते.
दोनशे बारा क्यू एकेक करून पलीकडे नेले.
'शेवटचं', 'खरंच शेवटचं', 'हेच वापर' अशा नावांच्या फायली,
जुन्या पेटीची पिन, जिला आता कुठलंच भोक घेत नाही,
परवाना, जो मेलेल्या यंत्राच्या नावावर आहे,
आणि तसं फोनवर सांगितलं तर
पलीकडचा मुलगा विचारतो,
"त्यांच्याशीच बोलता येईल का?"

सत्तेचाळीसावा क्यू: दारावरची थाप.
ती वाल्फ्रिदने त्याच्या सौनाच्या दारावर मारलेली.
सौना जळाला, वाल्फ्रिद तुर्कूला मुलीकडे राहतो,
काहीच नीट ऐकू येत नाही त्याला.
थाप मात्र जशीच्या तशी.

बुधवारी तालीम.
तेल्लेर्वो पत्र लिहिते, चष्मा काढते,
मग थाप.
अकरा वर्षं असंच.
आज चष्मा नाकावरच, आणि थाप पडून गेलेली.
तिने वर काचेकडे पाहिलं.
"कोण आलंय एवढ्या घाईत?"
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मी म्हातारी झाले बहुतेक,"
आणि कोणीच हसलं नाही.

रात्री मी बिघाड शोधत बसले.
बिघाड नव्हताच.
जुन्याला पुन्हा वीज दिली, पायमोज्यासकट,
ठिपका दाबला आणि मोजलं:
बोट आणि थाप यांच्या मध्ये
शून्य पूर्णांक चार सेकंद.
तेवढा वेळ त्याला नुसतं उठून बसायलाच लागायचा.

त्या फटीत तिने एक श्वास ठेवला होता.
कुणी शिकवला नव्हता, संहितेत नव्हता.
एका समीक्षकाने त्यावर अर्धा स्तंभ लिहिलेला,
दाराआधीची ती शांतता, वगैरे.
कात्रण मेकअपच्या आरशाला चिकटवलेलं आहे,
कडा पिवळ्या.

मी नव्याच्या चौकटीत लिहिलं: ०.४
त्याने कुरकुर केली नाही.
जे आत्ता करता येतं ते
कुणासाठी तरी थांबून करायचं,
हे त्याला फक्त एक आकडा आहे.
मला वाटतं, मलाही तसंच असतं तर बरं.

गुरुवारी चष्मा आधी, थाप मग.
तेल्लेर्वोने वर पाहून हात केला.
मी तिला सांगितलं नाही.
सांगितलं असतं, तर ती मोजायला लागली असती.

जुने शुक्रवारी गेले.
डिस्कला भोकं पाडायचा नियम आहे,
ती मीच पाडली, ड्रिल सुतारांकडून आणून.
शेल्फवर धुळीत दोन स्वच्छ चौकोन राहिले,
आणि पायमोजा.
घरी नेऊन धुतला.
त्याच्या जोडीचा केव्हाच हरवलाय.