पंचवीस नंबरचं दार

शनिवारचे सौदे उरकले की सांगलीच्या यार्डात
हवेत नुसती हळद उरते.
सर्व्हरच्या पंख्यालाही पिवळी लव आलेली.
ब्रशनं झाडली, दोनदा शिंकले,
आणि कामाला बसले.

मगदूमशेठ म्हणाले, "मॅडम, जेवून घ्या आधी."
म्हटलं, नऊच्या आत पत्ता बदलायचाय.
"पत्ता? आम्ही कुठं चाललोय?"
कुठं नाही. फक्त जगाला सांगायचं
की तुमचं टपाल यापुढं थेट टेबलावर नको,
आधी फाटकावर द्या.

फाटक बसवायचं म्हणजे एक ओळ बदलायची.
एमएक्स रेकॉर्ड. अग्रक्रम दहा.
जुनी ओळ पुसण्याआधी मी वहीत उतरवून घेते, हातानं.
मिरजेत एकदा न लिहिता पुसली होती;
दोन दिवस त्या ऑफिसला
कुणाचंच पत्र आलं नाही,
आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्चमधली गोष्ट इथं हमालांनाही पाठ आहे.
इरोडच्या व्यापाऱ्याच्या नावानं मेल:
आमचं बँक खातं बदललंय.
नावात एम होता. नीट बघितलं तर एम नव्हता,
आर आणि एन खेटून बसले होते,
एसटीच्या एका सीटवर दोघं बसावेत तसे.
एकोणीस लाख चाळीस हजार.
ज्या हातानं पाठवले तो श्रीमंधर आवटींचा.
सत्तावीस वर्षं हिशेब, चार आण्यांची चूक नाही.
त्या संध्याकाळी चष्मा टेबलावरच ठेवून ते घरी गेले.

"हे फाटक पत्र फोडून बघतं?"
बघतं. पण हे तुम्हाला मी काय सांगू, शेठ,
हरिपूरला तुमच्या वडिलांची पेवं होती.
पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही,
आत कोंडलेली हवा माणूस मारते.
दोरीनं कंदील सोडायचा.
ज्योत जगली तर माणूस.
इथंही, जोडून आलेली फाइल
आधी एका बंद खोलीत उघडते.
काय विझायचं ते तिथं विझू दे.
शेठ पहिल्यांदा हसले.

साडेनऊ. पंचवीस नंबरचं दार
आता फक्त फाटकाशी बोलतं.
बाकी कुणी वाजवलं तर गप्प.
मोबाइलवरून चाचणीचं पत्र धाडलं: जेवण झालं का?
अकरा सेकंदांनी शेठच्या टेबलावर टिंग.

मग रीघ. लॉटरी, अडकलेलं कुरिअर,
आयकराचा परतावा, कुणा राजपुत्राची विधवा.
सगळी अडवलेल्यांच्या खोलीत.
यादी चाळताना मध्येच एक ओळ मराठीत,
घरगुती पत्त्यावरून. विषय:
"पैसे हप्त्याने परत करण्याबाबत."
संशयाचे गुण सात पूर्णांक आठ.
कारण: पैसे, खाते क्रमांक, पाठवणारा अनोळखी.

अनोळखी.
यंत्राला काय बोलायचं? नियम मीच लिहिलेत,
तासाभरापूर्वी, भजी खात खात.

पत्र उघडलं नाही. आमच्या धंद्यात
लखोट्यावरचं वाचायचं, आतलं नाही.
तपासायचं तेवढं तपासलं:
सही जुळते, निघाल्याचं ठिकाण जुळतं,
नावातला एम खरोखरचा एम.

"शेठ, एक सोडू का आत?"
"कुणाचं?"
नाव सांगितलं.
बाहेर इलाहीनं यार्डाचं लोखंडी फाटक ओढलं,
ते नेहमीसारखं मध्येच अडलं,
त्यानं उचलून पुन्हा ओढलं.
शेठ म्हणाले, "ओळखीच्या यादीत घाला त्यांना.
म्हणजे दर वेळी विचारायला नको."

घातलं. टिंग.
त्यांनी स्क्रीनकडं बघितलं नाही.
ड्रॉवर उघडला, चष्मा काढला,
सदऱ्याच्या टोकानं काचा पुसत बसले.
सदऱ्यालाही हळद, काचा आणखीच पिवळ्या.

निघताना म्हणाले, बिल सोमवारी द्या,
हिशेबाच्या टेबलावर.
तिथं कोण असेल, मी विचारलं नाही.