कात्रजचा घाट

आठ महिने आम्ही वेताळ टेकडी चढलो,
पाठीवर पाच-पाच किलो आंबेमोहोर घेऊन,
कारण माहितीपत्रकात लिहिलं होतं:
सराव वजनासकट करा.
रोजचे लोक विचारत, तांदूळ विकायला काढलेत का?
निरुपमा म्हणायची, नाही, कॉर्सिकाला निघालोय.
हे कुठे आलं?
भूमध्य समुद्रात. नुसते डोंगर, भोवती पाणी.
एक गृहस्थ थांबले, चष्मा पुसला, म्हणाले,
मग सिंहगडानं काय घोडं मारलंय?

तिथली नावं जिभेवर बसेनात
म्हणून नकाशावर आपलीच नावं दिली.
पहिला मुक्काम खेड शिवापूर.
चेस्टनटची राई दिसली ती एम्प्रेस गार्डन.
आणि पाचव्या दिवसाची खिंड, सात तासांची,
जिच्या माथ्यावरून दोन्हीकडे समुद्र दिसतो म्हणे,
तो कात्रजचा घाट.

मार्चमध्ये तिचा गुडघा गेला.
एमआरआयची फिल्म खिडकीच्या काचेला धरून म्हणाली,
बघ, यातही चढउताराच्या रेषा आहेत.
तिचं तिकीट रद्द झालं.
काठी माझ्या हातात देऊन बजावलं,
रोज रात्री फोन कर, मी बटण सरकवते.

जेवणाच्या टेबलावर काच, काचेखाली नकाशा,
काचेवर जुन्या सदऱ्याचं शिंपल्याचं बटण.

तिथे एक वास होता.
घाणेरीचा नाही, रानतुळशीचा नाही,
पण दोघींच्या नात्यातला, उन्हात तापलेला.
दगडांवर लाल-पांढरे पट्टे,
कुणीतरी ब्रशचा फटकारा मारून पुढे गेलेलं.
वाटेत मोकाट डुकरं, जहागीरदारांच्या ऐटीत.
रात्री ती पुण्यातून सांगायची:
उद्या दुसऱ्या वळणाशी डावीकडे झरा आहे,
बाटली रिकामीच ने, उगाच ओझं कशाला.
आणि झरा असायचा.

पाचव्या दिवशी सकाळी टाचेचा फोड फुटला.
बाकीचे सहाजण वर गेले.
मी सामानाच्या गाडीत बसले.
ड्रायव्हर एका हातानं गाडी हाकत
दुसऱ्यानं जर्दाळू खात होता,
मलाही दिले दोन.
चाळीस मिनिटं, मध्ये एक बोगदा.
दुपारी एकला मी पलीकडच्या गावात
चर्चच्या पायरीवर कॉफी पीत होते.
पुण्यात साडेचार.
बटण चढावर असेल.

रात्री तिनं विचारलं, झाला घाट?
झाला, म्हटलं.

परत येऊन महिना झाला,
नकाशा अजून काचेखाली आहे.
त्याच्यावर पोह्यांच्या बश्या,
एक बरोबर खेड शिवापूरवर.
ती पाय स्टुलावर टाकून विचारते,
वर वारा होता का गं?
होता की.
किती?
मी पोह्यांत खोबरं शोधत राहते.
तीच म्हणते,
मला तर पंखा बंद करावा लागला.
दोनदा उडालं बटण,
अगदी माथ्यावरून.