परतीचं पाणी

सहा अंशांवर पाठवतो पाणी,
तेरावर परत येतं.
मधल्या सात अंशांत विद्यापीठ आहे.

मी ते आतून पाहिलेलं नाही.
माझं कार्ड चालतं ते प्लँटच्या दाराला
आणि मेसच्या.
रास अल खैमाच्या या टोकाला
मागे उघडाबोडका डोंगर, पुढे खाडी,
मधे दोन गॅस टर्बाइन, चार चिलर,
समुद्रातून मीठ गाळणाऱ्या पांढऱ्या नळकांड्यांच्या रांगा.
रात्रपाळीला थंकच्चन, डोमिंगो आणि मी.

टर्बाइनच्या धुराड्यातली धग
आम्ही फुकट जाऊ देत नाही.
तिच्यावर चालतो चार नंबरचा चिलर.
आगीवर गारवा शिजतो,
हे मी आईला फोनवर तीनदा सांगितलं.
ती म्हणाली, बरं. जेवलास का?

परळीला बाबा थर्मलमध्ये होते.
धरण आटलं त्या वर्षी एकेक संच थांबत गेला.
शेवटचा थांबला त्या रात्री ते घरी आले,
डबा न उघडता ओट्यावर बसले
आणि म्हणाले, एवढी शांतता
कानाला सोसत नाही रे.
इथे शांतता नाही, म्हणून मला झोप लागते.

पोरांचे चेहरे माहीत नाहीत, आकडे माहीत आहेत.
ग्रंथालयाची लाइन चौदाच्या पुढे गेली की परीक्षा.
शुक्रवारी सगळंच उतरतं.
रमझानमध्ये रात्री दोनला वसतिगृहांचा आलेख
उंटाच्या पाठीसारखा चढतो.
बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅट,
थंकच्चन म्हणतो. प्रेमात पडलेला किती,
ते मॅन्युअलमध्ये नाही.

ऑगस्टात हवा इतकी ओली
की मुठीत धरून पिळावी.
इमारतींत शिरते, गार कॉइलवर ठिबकते,
ते पाणी पाइपातून आमच्याकडे येतं,
कूलिंग टॉवरला लागतं.
त्यात समुद्र असतो थोडा,
आणि वर्गांमधल्या जांभया,
कुणीतरी अडखळत वाचलेला धडा,
सगळं गाळून, मोजून, घनमीटरमध्ये.

आमचा कॅम्प या लूपवर नाही.
तिथे खिडकीतला एसी, सहा जणांत एक,
तो टर्बाइनपेक्षा जास्त ओरडतो.

मंगळवारी पहाटे दोन चाळीसला
दोन नंबरचा चिलर ट्रिप झाला.
अशा वेळी यादी असते.
वर प्रयोगशाळांचे फ्रीझर, मग सर्व्हर,
मग कुलगुरूंचा बंगला.
ग्रंथालय खालून तिसरं.
मी त्याचा व्हॉल्व्ह निम्म्यावर आणला.
डोमिंगो पंपाकडे पळाला,
थंकच्चन मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटला,
देवाला की कंपनीला, कळलं नाही.
अकरा मिनिटं.
मग पुन्हा सगळं घरघरायला लागलं.

गुरुवारी एक वर्ग प्लँट बघायला आला.
हेल्मेटं डोक्यावर, फोन हातात,
मोठ्याने बोललेलं कुणालाच ऐकू येत नव्हतं.
शम्सा नावाची मुलगी मागे राहिली,
वहीत नळ्यांचे रंग लिहीत.
म्हणाली, परवा पहाटे ग्रंथालयात
गरम झालं होतं.
तुम्ही केलं?

चार वर्षांत पहिल्यांदा
पाण्याच्या पलीकडून कुणी बोललं.
चूक कबूल करावी तसं मी म्हणालो,
हो. अकरा मिनिटं.

ती हसली.
म्हणाली, सगळ्यांनी जॅकेटं काढली होती.
बरं वाटलं.

ती गेल्यावर ग्रंथालयाचा सेटपॉइंट
मी अर्ध्या अंशाने वर केला.
लॉगबुकात वेळ लिहिली, सही केली.
कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
थंकच्चनने वाकून पाहिलं, काही बोलला नाही.
मग लिहिलं:
जॅकेट.