पाऊण लिटर

राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळावर बोट टेकवलं
आणि विचारलं, यंदा उपवासकाळात काय सोडणार?
मी बस्त्यावकडे पाहिलं, तो माझ्याकडे.
आम्हाला हसू आलं, रांगेतच.

चार वर्षं झाली, पाणी सोडलंय.
दिवसाला पाऊण लिटर,
चहा, पेज, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून.
बाटलीवर मी मार्करने रेघा मारल्यात:
सकाळ, दुपार, रात्र,
आणि एक बारकी, बिननावाची,
तीन वाजताच्या उन्हासाठी.

मंगळवार, शुक्रवार कळव्याचं हॉस्पिटल.
पहाटे चेंदणीतून रिक्षा, खाडीवरचा पूल, ओहोटीचा वास.
मशीन नंबर सहा.
चार तास त्याचं रक्त नळ्यांतून गावभर हिंडून येतं.
शेजारच्या खाटेवर वसीम असायचा, कॉलेजातला.
ती खाट आता दुसऱ्याला दिली आहे.
यावर आम्ही घरी बोलत नाही.

आधी माझी पोत गेली, मग बांगड्या,
मग माजिवड्याचा जमिनीचा तुकडा.
देवाशी बोलणं मी बंद केलं नव्हतं,
पण रेशनच्या दुकानदाराशी बोलावं तसं:
आलं का?
नाही?
बरं, उद्या येते.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट.
मशीनवरून उतरलेला बस्त्याव बाकावर बसून,
मी चौदा ठिकाणं उभी.
बाराव्या ठिकाणी वाचतात, 'मला तहान लागली आहे.'
पूर्वी हे कानांवरून जायचं.
आता मी ओठ चावते.
परवा बस्त्याव कुजबुजला,
'त्याला निदान आंब तरी दिली गं.
मला दिली असती, तर वहीत लिहावी लागली असती.'
मी फिस्सकन हसले.
पुढच्या बाकावरची नातालीन मावशी वळून बघत राहिली.

मग आजचा गुरुवार.
पाय धुवायला बारा माणसं हवीत, एक कमी पडला,
फादरांनी बस्त्यावला हात धरून पुढे नेलं.
चप्पल निघेना.
मंगळवारपासूनचं पाणी पायांत उतरलेलं,
घोटा कुठे, पोटरी कुठे, कळत नव्हतं.
मी मान खाली घातली.
फादरांनी तांब्या ओतला. मग दुसरा.
माझ्या हिशेबाने दोन दिवसांचं पाणी,
फरशीवरून वाहत गेलं.
पुसताना अंगठा रुतला, सुजेत खळगा पडला.
फादर गुडघ्यांवर तसेच थांबले,
खळगा भरून येईपर्यंत थांबले,
त्याला वेळ लागतो, मला माहीत आहे,
मग तिथेच ओठ टेकवले.

मी मोजायचं विसरले.

येताना तलावाच्या कठड्याशी बस्त्याव म्हणाला,
'पाय अजून गार आहेत.'
आणि घरी पोचेपर्यंत त्याने काही प्यायला मागितलं नाही.

उद्या शुक्रवार. सहाची पाळी, मशीन नंबर सहा.
किडनी कबरीतून उठत नसते,
एवढं मला कळतं.
तरी दिवा मालवण्याआधी
मी रविवारची बाटली भरून ठेवली,
आजच,
रेघेपर्यंत,
झाकण घट्ट लावून.